कामगाराची पादत्राणे : त्यांची निवड आणि निगा

भिलाईला लागून असलेल्या जामुल या गावाची ओळख आज दोन मोठ्या उद्योगांच्या शेजारामुळे झाली आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे १९६५ मध्ये जामुल येथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला. झोतभट्टीतून लोखंडाबरोबर जी मळी बाहेर पडते, ती पाण्याच्या झोताने एकदम थंड केली म्हणजे तिचे काचेसारखे दाणे बनतात. हे दाणे क्लिंकरबरोबर दळून मळीयुक्त सिमेंट तयार करता येते. एका कारखान्याचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा, अशी ही सोयीची जोडी होय. या दोहोंच्या आसपास ओतशाळा, जोडकामाच्या कार्यशाळा, लोखंड लाटणाऱ्या लहान गिरण्या आणि मालाच्या चढउताराच्या जागा यांची मोठी वसाहत वाढली आहे.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर हीच होती. म्हणजे १९५५ मध्ये भिलाईच्या कारखान्यासंबंधी सोव्हिएत संघाशी करार झाला, त्या वेळी हा मुलूख नागपूरहून चालविला जात होता. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणारा लोहमार्ग येथूनच जातो, आणि विदर्भातील पुष्कळ कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन स्थायिक झाली आहेत. शिवाय जामुलचे प्रश्न तेच चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांचे आणि तेच कोल्हापूरच्या ओतशाळांचेही आहेत. त्यांपैकी एका लहानशा, परंतु कामगाराच्या पोटापाण्याशी थेट निगडित असलेल्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो प्रश्न म्हणजे कामावर जाताना पायात काय घालावे हा होय.

कोणत्याही औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडे पाहावे. काहींच्या पायात कारखान्याने दिलेले जड, काळे बूट असतात. काहींनी त्याच बुटांची टाच मुडपून त्यांची सपाता केलेली असते. काहींच्या पायात कापडी बूट असतात, तर कंत्राटदाराकडे रोजंदारीवर जाणारे मजूर आणि रेजा यांच्या पायात पुष्कळदा रबरी चपलाच दिसतात. काम एकाच आवारातले, धोकाही एकच; परंतु पायाचे संरक्षण मात्र ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे, अशी ही स्थिती आहे. ती बदलावयाची तर प्रथम पाय म्हणजे काय आणि त्याला कशापासून भय आहे, हे समजून घेतले पाहिजे.

पायाची घडण

मनुष्याच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी ५२, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश, केवळ दोन पावलांत आहेत. प्रत्येक पावलात २६ हाडे, ती जोडणारे सांधे, त्यांना बांधून ठेवणारे स्नायुबंध आणि या सर्वांवर ताणलेली कमान अशी ही रचना आहे. बोटांची हाडे पुढे, त्यांच्यामागे चवड्याची पाच लांब हाडे, आणि त्यांच्यामागे घोट्याच्या व टाचेच्या हाडांचा समूह असतो. चवड्याच्या पाच हाडांना शारीरविज्ञानात प्रपदास्थी म्हणतात. चालताना शरीराचा सारा भार टाचेवरून चवड्यावर आणि तेथून अंगठ्यावर सरकत जातो. म्हणून अंगठ्याचे हाड चुरले तर केवळ एक बोट जखमी होत नाही. मनुष्याची चाल बिघडते, पाठ व गुडघे दुखू लागतात, आणि ज्याची मजुरी उभे राहण्यावर व ओझे वाहण्यावर अवलंबून आहे, त्याची मजुरीच बुडते. हाताची जखम डोळ्यांसमोर असते. पायाची जखम चपलेआड लपते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते, हा आणखी एक तोटा.

प्रथम धोक्याची पारख

बुटांच्या दुकानात जाण्यापूर्वी कामाच्या जागेवरून एक फेरी मारावी, हा या विषयातील पहिला नियम आहे. ‘चांगला बूट’ अशी वस्तू जगात नाही; अमुक कामासाठी चांगला बूट एवढेच म्हणता येते. जामुलसारख्या वसाहतीत एका मैलाच्या आत किती निरनिराळे धोके आढळतात ते पाहू.

यंत्रदुरुस्तीच्या कार्यशाळेत हातोडे, पाने, लोखंडी तुकडे पडण्याचे भय मुख्य आहे. भंगाराच्या आवारात व बांधकामावर खिळे आणि तारा तळातून वर घुसतात. ओतशाळेत वितळलेल्या धातूचे थेंब उडतात. लोखंड लाटण्याच्या गिरणीत जमीनच तापलेली असते आणि तिच्यावर तेलही सांडलेले असते.

सिमेंटच्या कारखान्यातील धोके बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाहीत. फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सियस तापमानाला क्लिंकर तयार होते. त्यापूर्वी चुनखडीची भुकटी प्रीहीटर नावाच्या उंच मनोऱ्यातून तापत तापत खाली येते, आणि मनोऱ्याच्या तळाशी ती आठशे अंशांच्याही वर तापलेली असते. तेथील एखादा मार्ग तुंबला आणि तो मोकळा करताना ही भुकटी बाहेर पडली, तर ती राखेसारखी ढीग करून बसत नाही. पाण्यासारखी वाहत येते. वाटेत उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापर्यंतच्या बुटात ती वरून शिरते. अशा वेळी बूट घातलेला असूनही, नव्हे बुटामुळेच, पाय अधिक भाजतो. कारण आत शिरलेली भुकटी झटकता येत नाही आणि नाडी सोडण्यास वेळ लागतो. म्हणून या कामासाठी उंच बूट, बुटाच्या बाहेरून खाली येणारी विजार आणि उष्णतारोधक पोशाख ही तिन्ही एकत्र असावी लागतात.

ओल्या सिमेंटचा धोका याहून निराळा व फसवा आहे. सिमेंटमध्ये पाणी मिसळले की तीव्र अल्कली द्रव तयार होतो. त्याचा पीएच अंक १२ ते १३ च्या आसपास असतो. काँक्रीट ओतताना ते बुटात शिरले, तर प्रारंभी विशेष वेदना होत नाहीत. कामगार पाळी संपेपर्यंत तसाच काम करतो आणि संध्याकाळी मोजा काढतो तेव्हा कातडी खोलवर भाजलेली आढळते. असे झाल्यास बूट व मोजे तत्काळ काढून किमान वीस मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याखाली पाय धरावा आणि डॉक्टरांना दाखवावे. सिमेंटमधील क्रोमियमच्या अंशामुळे काहींना त्वचेचा विकारही जडतो. तो एकदा जडला म्हणजे पुढे थोड्या स्पर्शानेही उलटतो, आणि कित्येकांना तो व्यवसायच सोडावा लागतो. म्हणून ओल्या काँक्रीटमध्ये उभे राहणाऱ्यास चामड्याचा बूट कितीही मजबूत असला तरी निरुपयोगी होय. त्याला उंच गमबूटच हवा, आणि विजारही गमबुटाच्या आत न खोचता बाहेर सोडलेली हवी, म्हणजे काँक्रीट वरून आत ओघळणार नाही.

बुटाची अंगे व त्यांची कसोटी

संरक्षक बुटाचे मुख्य अंग म्हणजे बोटांवरची टोपी. पूर्वी ती पोलादाचीच असे. अलीकडे काचतंतू किंवा तत्सम संमिश्र पदार्थांच्या टोप्याही वापरतात. त्या वजनाला हलक्या असून उष्णता सहजी आत नेत नाहीत. टोपी कोणत्याही पदार्थाची असो, तिची कसोटी एकच आहे. भारतीय मानक आय.एस. १५२९८, भाग २, यानुसार ‘सेफ्टी’ या वर्गातील बुटाच्या टोपीने २०० जूल ऊर्जेचा आघात सोसला पाहिजे. हे परिमाण समजण्यास सोपे आहे : २० किलोग्रॅम वजनाची वस्तू सुमारे एक मीटर उंचीवरून पडली, तर ती जवळपास एवढा आघात करते. पाच किलोग्रॅमचा घण तेवढ्याच उंचीवरून पडला तर त्याचा आघात याच्या चौथाईच असतो. शिवाय सावकाश दाबले जाण्याच्या कसोटीत टोपीने १५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन वजनाइतका, भार सोसावा लागतो. आघातानंतर टोपी थोडी चेपणारच. परंतु तिच्याखाली बोटांना ठरावीक पोकळी उरली पाहिजे. मध्यम मापाच्या बुटात ही पोकळी १४ मिलिमीटरच्या आसपास असते. त्याच मानकाच्या तिसऱ्या भागात ‘प्रोटेक्टिव्ह’ नावाचा वर्ग आहे. त्यातील टोपीची कसोटी १०० जुलांची असते. चौथ्या भागातील ‘ऑक्युपेशनल’ वर्गाच्या बुटांना टोपीची अट मुळीच नाही. नावे सारखी भासतात, परंतु अर्थ भिन्न आहेत. म्हणून मागणीपत्रात केवळ ‘कामाचे बूट’ असे न लिहिता मानकाचा भागही लिहावा.

येथे एका जुन्या समजुतीचे निराकरण केले पाहिजे. पोलादी टोपी चेपली म्हणजे तिची कडा सुरीसारखी खाली येऊन बोटे कापते, त्यापेक्षा साधा बूट बरा, असे पुष्कळ कामगार सांगतात. ही भीती वरवर पाहता खरी वाटते. तथापि थोडा विचार करावा. ज्या आघाताने २०० जूल सोसणारी टोपी पूर्ण चपटी होईल, तो आघात उघड्या बोटांवर पडता तर बोटांचे काय झाले असते? टोपी हरते तेथे बोटे आधीच हरलेली असतात. आणि टोपी जिंकते असे आघातच कामाच्या जागी अधिक होत असतात.

टोपीला एक मर्यादा मात्र आहे. ती बोटांपुरतीच असते. चवड्याची पाच लांब हाडे तिच्यामागे उघडी राहतात. जेथे सळ्या, रूळ, ठोकळे आडवे पडण्याचा संभव आहे, तेथे चवड्यावर स्वतंत्र कवच असलेले बूट घ्यावे लागतात.

दुसरे अंग म्हणजे तळातील भेदरोधक पत्रा अथवा विणलेला थर. त्याच्या कसोटीत साडेचार मिलिमीटर जाडीचा प्रमाणित खिळा ११०० न्यूटन बलाने, म्हणजे सुमारे ११२ किलोग्रॅम वजनाइतक्या दाबाने, तळात रेटतात. तो आरपार जाता कामा नये. बांधकाम आणि भंगार यांवर काम करणाऱ्यांसाठी हे अंग टोपीइतकेच महत्त्वाचे आहे. विणलेला थर पोलादी पत्र्यापेक्षा अधिक लवतो. परंतु खिळा अगदी बारीक व तीक्ष्ण असेल तेथे पोलादी पत्रा अधिक भरवशाचा ठरतो.

तळ कशाचा असावा

तळाच्या पदार्थाची निवड हा बुटाच्या खरेदीतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आपल्याकडे तीन पदार्थ विशेष प्रचलित आहेत. पीव्हीसीचा तळ स्वस्त असतो व पाण्यापासून चांगले रक्षण करतो. परंतु उष्णतेने तो मऊ पडतो. तापलेल्या जमिनीवर त्याचा उपयोग नाही. पॉलियुरेथेनचा, म्हणजे कामगारांच्या भाषेतील ‘पीयू’चा, तळ हलका व पायाला सुखद असतो. दिवसभर चालणाऱ्या पर्यवेक्षकाला व भांडारातील माणसाला तो योग्य होय. नायट्राइल रबराचा तळ जड व महाग असतो. परंतु तो तेलाने फुगत नाही, आणि उष्णतारोधक म्हणून प्रमाणित असलेला तळ ३०० अंश सेल्सियस तापलेल्या पृष्ठभागाचा अल्पकाळ स्पर्श सोसतो. ही कसोटी एक मिनिटाच्या स्पर्शाची आहे. तापलेल्या लोखंडावर खुशाल उभे राहावे, असा तिचा अर्थ नव्हे.

पीयूच्या तळात एक गुप्त दोष आहे. हवेतील आर्द्रतेमुळे या पदार्थाचे हळूहळू जलविच्छेदन होते. त्यामुळे भांडारात चार-पाच पावसाळे पडून राहिलेला, एकदाही न वापरलेला कोरा बूट पायात घालताच त्याचा तळ चिरमुऱ्यासारखा चुरला जाण्याचा संभव असतो. स्वस्तात मिळतात म्हणून जुना साठा उचलणाऱ्या खरेदीदाराने बुटावरील निर्मितीचा महिना व वर्ष अवश्य पाहावे.

ओतशाळेतील बुटाबद्दल दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. वितळलेला धातू नाडीच्या छिद्रांत आणि जिभेच्या घडीत अडकतो. म्हणून या कामाचे बूट बिननाडीचे, वरचा भाग सलग असलेले आणि एका झटक्यात पायातून काढता येतील असे असावेत. मोजे सुती किंवा लोकरीचे घालावेत. कृत्रिम धाग्याचा मोजा उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो.

विजेच्या बाबतीत घातक गोंधळ

‘अँटिस्टॅटिक’ हा शब्द बुटावर छापलेला पाहून तो बूट विजेच्या धक्क्यापासून वाचवतो, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. अशा बुटाचा विद्युतरोध एक लाख ओहम ते शंभर कोटी ओहम यांच्या दरम्यान मुद्दाम ठेवलेला असतो, तो शरीरावर साचणारा स्थिर विद्युतभार सावकाश जमिनीत उतरावा म्हणून. ज्वालाग्राही वायू किंवा द्रावके असलेल्या जागी ठिणगी टाळण्यासाठी त्याचा उपयोग होतो. चालू विद्युतमंडलावर काम करणाऱ्या वीजतंत्र्याला मात्र विद्युतनिरोधक म्हणून स्वतंत्रपणे तपासलेले बूट हवेत. आणि ते ओले झाले किंवा त्यांच्या तळात खिळा रुतला, तर त्यांचाही भरवसा धरू नये. एकाच मागणीत दोन्ही विभागांसाठी एकच बूट मागविणे म्हणजे एका विभागाच्या जिवाशी खेळणे होय.

माप हेच अर्धे संरक्षण

उत्तम मानकाचा बूट पेटीत पडून राहिला तर त्याने काय साधणार? कामगार बूट घालत नाहीत, अशी पर्यवेक्षकाची तक्रार असते; बूट चावतो, अशी कामगाराची. ज्याचे जळते त्याला कळते, या न्यायाने कामगाराचे म्हणणे आधी ऐकावे हे बरे. पुष्कळ ठिकाणी तीन मापांचे बूट एकगठ्ठा मागवून ते वाटून टाकतात. टोपीचा बूट साध्या जोड्याप्रमाणे वापराने सैल होत नाही, कारण टोपी ताणली जात नाही. म्हणून पहिल्या दिवशी जे बोट टोपीला टेकते, ते वर्षभर टेकणार.

माप दिवस मावळताना घ्यावे, कारण दिवसभराच्या श्रमाने पाय थोडा सुजलेला असतो. दोन्ही पायांचे माप घ्यावे आणि मोठ्या पायाला बसेल तो बूट निवडावा. कामावर घालावयाचे मोजे घालूनच बूट पायात घालावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोट व टोपी यांमध्ये सुमारे एक सेंटिमीटर जागा असावी. टाच वर उचलून, उकिडवे बसून आणि चार पायऱ्या चढून पाहावे. टाच बुटातून निसटता कामा नये आणि टोपीची मागची कडा बोटांच्या मुळाशी रुतता कामा नये.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. स्त्रीचे पाऊल हे पुरुषाच्या पावलाची लहान आवृत्ती नव्हे. लांबी तीच असली तरी टाच, कमान व चवडा यांचे प्रमाण निराळे असते. पुरुषी साच्यावर बेतलेला लहान मापाचा बूट रेजाच्या पायात दिला, तर चवड्याशी तो बसतो आणि टाचेशी लटपटतो. डोक्यावर पाटी घेऊन फळीवरून चढणाऱ्या बाईला तो बूट आधार होण्याऐवजी अडखळण होतो, आणि ती तो काढून पुन्हा चप्पल घालते. यात तिचा हट्ट नाही. तिचा अनुभव तिला योग्य तेच सांगत असतो. स्त्रियांच्या साच्यावर बेतलेले संरक्षक बूट आज बाजारात मिळतात. मागणीपत्रात त्यांचा निराळा उल्लेख करण्याचे कष्ट मात्र कोणी तरी घेतले पाहिजेत.

मधुमेही कामगाराकडेही विशेष लक्ष द्यावे. या रोगात पायाची संवेदना मंदावते. बूट चावत असला तरी त्याला कळत नाही, आणि घासलेल्या कातडीचा व्रण होऊन कधी कधी बोट किंवा पाऊल गमावण्याची पाळी येते. अशा माणसाने बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा किंवा घडी नाही ना हे पाहावे आणि रात्री पायाचा तळवा रोज तपासावा. तळवा स्वतःला दिसत नसेल तर आरशाचे किंवा घरच्या माणसाचे साहाय्य घ्यावे.

निगा

छत्तीसगडच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो. अशा दिवसांत बंद बुटात पाय घामाने भिजून राहतो, बोटांच्या सांध्यांत बुरशी वाढते आणि खाज सुटते. यावर उपाय बूट न घालणे हा नसून, दोन जोड्या मोजे जवळ ठेवून मधल्या सुटीत ते बदलणे आणि घरी गेल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे पुसणे हा आहे. शक्य असेल तेथे बुटांचेही दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येकाला वाळण्यास एक दिवस मिळतो. भिजलेला चामडी बूट भट्टीजवळ किंवा चुलीपाशी वाळवू नये. चामडे कडक होऊन तडकते. आत वर्तमानपत्राचा कागद कोंबून तो सावलीत ठेवावा. सिमेंटची धूळ रोज कोरड्या ब्रशाने झाडावी, कारण घामाशी तिचा संयोग झाला की ती चामडे व कातडी दोन्ही खाते.

तळाच्या खाचा झिजून सपाट झाल्या, तळ वरच्या भागापासून सुटू लागला, किंवा आतील पत्र्याची कडा पायाला जाणवू लागली, तर बूट बदलावा. टोपीवर एकदा जबर आघात झाला असेल, तर ती बाहेरून साबूत दिसली तरी तो जोड बाद समजावा. टोपी आतून चेपली किंवा तडकली असण्याचा संभव असतो आणि दुसऱ्या आघाताला ती टिकेलच असे नाही.

खूण आणि खर्च

बुटावर आयएसआय चिन्ह आहे किंवा नाही हे प्रथम पाहावे. भारतीय मानक संस्थेची स्थापना १९४७ मध्ये झाली, आणि १९८७ मध्ये तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक व खाली उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो. हा परवाना क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरील साधनात घालून खरा आहे की नाही हे कोणालाही पडताळता येते. केवळ चिन्ह ठोकलेले नकली बूट बाजारात असतात; बाहेरून ते हुबेहूब दिसतात, आणि त्यांच्या टोपीची परीक्षा दुर्दैवाने कामगाराच्या बोटांवरच होते. संरक्षक पादत्राणांच्या गुणवत्तेसंबंधी केंद्र शासनाने २०२० मध्ये स्वतंत्र आदेशही काढला आहे.

बुटांचा खर्च कोणी सोसावा, याविषयी कायद्याची भूमिका जुनी व स्पष्ट आहे. मालकाने कायद्यानुसार पुरवावयाच्या साधनांबद्दल कामगाराकडून पैसे घेण्यास १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ११४ व्या कलमाने मनाई केली होती. सुरक्षिततेसाठी केलेल्या तरतुदींबद्दल कामगाराला आकार लावू नये, हाच दंडक व्यावसायिक सुरक्षिततेसंबंधीच्या २०२० च्या संहितेतही आहे. रोजंदारीवरील मजुराच्या पगारातून बुटांचे पैसे कापणे म्हणूनच केवळ अन्यायाचे नव्हे, तर बेकायदेशीर आहे. हिशेबाच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे नाही. एका बुटाची किंमत एका बाजूस ठेवावी आणि एका चुरलेल्या पावलाचे उपचार, बुडालेले रोज व नुकसानभरपाई दुसऱ्या बाजूस. मग काटकसर कोणत्या बाजूला आहे हे सांगावे लागणार नाही.

पादत्राणाची मर्यादा

इतके सांगितल्यानंतर एक इशारा आवश्यक आहे. बूट हे संरक्षणाचे शेवटचे साधन होय, पहिले नव्हे. सळ्या नीट रचल्या तर त्या घसरत नाहीत. खिळे काढलेल्या फळ्यांवर पाय पडला तरी इजा होत नाही. सांडलेले तेल पुसले तर कोणी घसरत नाही. वाहनांचा व माणसांचा रस्ता वेगळा आखला तर चाकाखाली पाऊल येत नाही. धोका मुळातच नाहीसा करावा, ते शक्य नसेल तर त्याला कुंपण घालावे, आणि तरीही जो उरेल त्याच्यासाठी बूट वापरावा, हा क्रम सुरक्षाशास्त्राने घालून दिला आहे. जून २०१४ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यात विषारी वायू पसरून सहा जणांना प्राण गमवावे लागले. अशा प्रसंगी पायातला उत्तमोत्तम बूटही काही करू शकत नाही. म्हणून बूट वाटले की सुरक्षिततेचे कर्तव्य संपले, असे कोणत्याही व्यवस्थापनाने मानू नये.

देशात सुरक्षिततेचा प्रसार करण्यासाठी ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, आणि तो दिवस दरवर्षी राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कारखान्यांतून शपथा घेतल्या जातात, फलक लावले जातात, भाषणे होतात. त्याच्या जोडीला एक साधा कार्यक्रम करता येण्यासारखा आहे. सायंकाळची पाळी सुटताना फाटकापाशी एक बाक, एक मोजपट्टी व एक वही ठेवावी. कायम कामगार, कंत्राटी मजूर आणि रेजा, सर्वांच्या दोन्ही पायांचे माप घ्यावे. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे काम, त्या कामातील मुख्य धोका आणि सध्याचा बूट कोठे चावतो ते लिहावे. पुढील खरेदीचे मागणीपत्र त्या वहीवरून तयार करावे, आणि नमुन्याचे बूट पसंत करताना ते ज्यांनी घालावयाचे त्यांच्यापैकी चार जणांना, त्यांत एखाद्या स्त्रीलाही, बोलवावे. एका संध्याकाळचे हे काम आहे. पायातील वहाण पायातच बरी, अशी म्हण आपल्याकडे आहे आणि वहाणेला हलके लेखण्यासाठी ती वापरतात. कारखान्यात मात्र ती अक्षरशः खरी आहे. बूट पेटीत नको, खांद्यावर नको. तो पायातच हवा, आणि पायात राहील असाच हवा.